सुट्टीच्या मैदानात: प्राचीन ग्रीकांचे खेळ आणि आपली मुले



मे महिन्याची सुट्टी लागली की घराघरांत एकच तक्रार ऐकू येते. मुले म्हणतात, "काय करायचं ते सुचत नाही," आणि आईवडील म्हणतात, "दिवसभर टीव्ही आणि मोबाईल." शहरातील मुलांसाठी शिबिरे असतात, पोहण्याचे वर्ग असतात. खेड्यातल्या मुलांना यांतले काही नसले तरी त्यांच्याजवळ एक मोठी गोष्ट असते, ती म्हणजे मोकळे रान. गेल्या मे महिन्यात भोकरदन तालुक्यातील धावडा या गावी आम्ही काही मुलांसोबत या रानातच एक पाठ घेतला. विषय होता, प्राचीन ग्रीक लोकांचे खेळ. नावातच 'धाव' असलेल्या गावाला हा विषय शोभतो, असे मुलांचेच म्हणणे पडले! वह्या थोड्या आणि पळापळ जास्त, असा हा अभ्यास होता. तो आपल्याही मुलांना घरी करता यावा म्हणून येथे देत आहोत.

१. ग्रीक लोक आणि आपला तालुका

"ग्रीस कुठे आणि धावडा कुठे! त्यांचे खेळ आपण कशाला शिकायचे?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर तालुक्याच्या गावातच आहे. भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावाचे नाव येते. सातवाहन राजांच्या काळात पैठण, तेर आणि भोगवर्धन ही व्यापाराच्या वाटेवरची गावे होती. इ. स. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली. तिच्यात पैठण आणि तेर या दोन्ही गावांचा उल्लेख आहे. कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर दान देणाऱ्या 'यवनां'ची नावे कोरलेली आहेत. यवन हा शब्द आपल्याकडे प्रथम ग्रीकांसाठीच वापरला गेला.

इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती भोकरदनलाही सापडली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागातला माल समुद्रापलीकडे जात होता आणि तिकडची माणसे इकडे येत होती. हे ऐकल्यावर ग्रीस मुलांना तितकासा परका वाटला नाही.

२. सारे सुरू झाले एका धावेतून

ग्रीसमध्ये ऑलिम्पिया नावाचे ठिकाण आहे. तेथे दर चार वर्षांनी झेउस या त्यांच्या देवाचा मोठा उत्सव भरत असे आणि त्यात खेळांच्या स्पर्धा होत. विजेत्यांची नोंद इ. स. पूर्व ७७६ पासून मिळते. पहिला नोंदलेला विजेता कोरोइबोस हा एलिस गावचा माणूस, आणि व्यवसायाने आचारी! राजा नव्हे, सरदार नव्हे. परंपरा असे सांगते की सुरुवातीला खेळ एकच होता: मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक धाव. हे अंतर ६०० ग्रीक फूट, म्हणजे आपल्या मापाने सुमारे १९२ मीटर. या अंतराला ते 'स्टेडियन' म्हणत. आपण आज ज्याला स्टेडियम म्हणतो तो शब्द त्यातूनच आला.

आम्ही हे अंतर मोजायचे ठरवले. विहिरीचा १६ मीटर दोर घेतला आणि तो बारा वेळा टाकला: सोळा बारे एकशे ब्याण्णव! गणिताला कंटाळणारी मुलेही दोर ओढायला पुढे होती. कपाशीच्या पऱ्हाट्या काढून मोकळ्या झालेल्या रानात दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली. ऑलिम्पियाला रेघेऐवजी दगडी पट्ट्या होत्या आणि त्यांवर पायाची बोटे रोवायला खाचा होत्या. त्या पट्ट्या आजही तेथे पाहायला मिळतात. कोणी खुणेआधी निघाला तर त्याला चाबकाचा मार मिळे. आम्ही चाबूक न वापरता पाच उठाबशांची शिक्षा ठेवली. तरी पहिल्या दिवशी बऱ्याच जणांनी ती भोगली.

पुढे शर्यती वाढल्या. जाऊन परत येण्याची दुप्पट धाव, मग लांब पल्ल्याची धाव, आणि नंतर शिरस्त्राण घालून हातात ढाल घेऊन पळण्याची शर्यत. मॅरेथॉन मात्र त्या काळी नव्हती. ती १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक सुरू झाले तेव्हा आली. मशाल घेऊन देशोदेशी पळत जाण्याची प्रथा तर १९३६ ची आहे.

३. पाच खेळांचा एक खेळ

धावणे, लांब उडी, थाळीफेक, भालाफेक आणि कुस्ती हे पाच खेळ एकाच खेळाडूने खेळायचे, याला पेंटॅथलॉन म्हणत. यात आमच्या मुलांना तीन गोष्टींची गंमत वाटली.

पहिली, उडी. ग्रीक खेळाडू दोन्ही हातांत दगडाची किंवा धातूची वजने घेऊन उडी मारत. हात पुढे झोकले की शरीराला जोर मिळे. आम्ही मुठीत मावतील असे दगड घेऊन जागेवरून उडी मारून पाहिली. काहींची उडी लांबली, काहींची तोल जाऊन आखूड झाली. हात आणि पाय यांचा मेळ बसला तरच वजनाचा उपयोग, हे मुलांनी स्वतःच शोधून काढले.

दुसरी, भाला. भाल्याला ते चामड्याची वादी गुंडाळत आणि तिच्या फासात बोट अडकवून भाला फेकत. भोवऱ्याला दोरी गुंडाळून फेकल्यावर तो जसा गरगरतो, तसा भाला हवेत स्वतःभोवती फिरत सरळ जाई. हे आम्ही फक्त तोंडी सांगितले, करून पाहिले नाही. टोकदार वस्तू मुलांच्या हाती देऊ नये.

तिसरी, कुस्ती. ग्रीक मल्ल अंगाला तेल लावत, त्यावर माती चोळत, आणि आखाड्याची जमीन स्वतः कुदळीने उकरून मऊ करत. प्रतिस्पर्ध्याला तीनदा पाडले की विजय. आपल्याकडे पाठ टेकवून चीतपट करतात. नियम वेगळे, पण तेल, माती आणि कुदळ सारखीच! गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड पाहिलेल्या मुलांना हे लगेच समजले. ग्रीकांच्या रथांच्या शर्यतीचे वर्णन ऐकून तर सर्वांच्या तोंडी एकच शब्द आला: "शंकरपट!"

४. शपथ आणि दंड

ऑलिम्पियाचे खेळाडू स्पर्धेआधी शपथ घेत की आम्ही दहा महिने नियमाने सराव केला आहे आणि आम्ही फसवणूक करणार नाही. विशेष म्हणजे खेळाडूबरोबर त्याचे वडील, भाऊ आणि शिक्षक यांनाही शपथ घ्यावी लागे. मुलाच्या प्रामाणिकपणाला घरचे लोकही जबाबदार आहेत, ही समज त्यामागे दिसते.

तरीही फसवणूक होईच. इ. स. पूर्व ३८८ मध्ये एका मुष्टियोद्ध्याने आपल्या प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारून विजय मिळवला. ते उघडकीस आले तेव्हा सर्वांना दंड झाला आणि त्या पैशांतून झेउसच्या काशाच्या मूर्ती उभारल्या गेल्या. पुढेही अशा दंडातून मूर्ती उभ्या राहिल्या. त्या कोठे ठेवल्या? मैदानात जाण्याच्या वाटेवर! प्रत्येक खेळाडू त्यांच्या शेजारून मैदानात शिरत असे. आज मूर्ती नाहीत, पण त्यांचे चौथरे तेथे रांगेने उभे आहेत. परीक्षेत कॉपी करून मिळवलेले गुण आणि पैसे देऊन जिंकलेली शर्यत यांत फरक काय, असे आम्ही विचारले. मुले बराच वेळ गप्प होती.

५. "तिथं पोरी पळायच्या का?"

पहिले दोन दिवस रानात सगळे मुलगेच होते. तिसऱ्या दिवशी आठवीतली एक मुलगी हापशावरून पाण्याची घागर घेऊन जाताना बांधावर थांबली. लहान भाऊ तिचा हात धरून उभा होता. ती म्हणाली, "सर, तिथं पोरी पळायच्या का हो?"

खरे उत्तर असे आहे. ऑलिम्पियाच्या मुख्य स्पर्धेत स्त्रियांना भाग घेता येत नसे. विवाहित स्त्रियांना तर खेळ पाहण्याचीही बंदी होती आणि नियम मोडल्यास कड्यावरून लोटण्याची शिक्षा सांगितलेली होती. इ. स. पूर्व ३९६ मध्ये स्पार्टाच्या राजघराण्यातील किनिस्का हिचा रथ जिंकला, कारण त्या शर्यतीत मान हाकणाऱ्याला नव्हे तर रथाच्या मालकाला मिळे. आपण जिंकल्याचे तिने ऑलिम्पियात कोरून ठेवले.

पण त्याच मैदानावर मुलींची एक वेगळी स्पर्धाही भरत असे. ती हेरा देवीच्या उत्सवात होई आणि सोळा स्त्रिया तिची व्यवस्था पाहत. वयाप्रमाणे मुलींचे तीन गट असत. धावपट्टी एक षष्ठांशाने कमी, म्हणजे सुमारे १६० मीटर. मुली केस मोकळे सोडून, गुडघ्यापर्यंतचे वस्त्र नेसून पळत. जिंकणारीला मुलांप्रमाणेच ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट मिळे.

"म्हणजे पळायच्या," असे म्हणून ती घागर घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावाला कडेवर घेऊन रानात आली. तिच्यामागे तिची आजीही आली. आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला पळायला लावून काय करता? उद्या हातपाय मोडला तर कोण बघंल?" आम्ही म्हणालो, "आजी, ती रोज दोन घागरी घेऊन चालते तेव्हा कोणी असे विचारते का?" आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने नातवाला आपल्याकडे घेतले आणि म्हणाली, "बरं, मी धरते लेकराला. पण ऊन व्हायच्या आत घरी यायचं."

त्या दिवशीच्या धावेत नववीतला एक मुलगा पहिला आला आणि ही मुलगी दुसरी. अंतर पूर्ण १९२ मीटर. पायांत चप्पलही नव्हती.

६. मग बाकीच्यांनी पळायचे कशाला?

आम्ही ग्रीकांच्या रीतीप्रमाणे कडुलिंबाच्या डहाळीचा एकच मुकुट केला होता. ऑलिम्पियात दुसरे, तिसरे बक्षीस नसे. जिंकणारा एक, मुकुट एक. तो मुकुट पहिल्या मुलाला घातला तेव्हा सर्वांत शेवटी आलेला चौथीतला मुलगा म्हणाला, "मग आम्ही बाकीच्यांनी पळायचं कशाला?"

आमच्या मते साऱ्या पाठातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला संत पौलाची आठवण झाली.

संत पौल इ. स. ५० च्या सुमारास करिंथ शहरात आला आणि तेथे दीड वर्ष राहिला. अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तो तंबू तयार करण्याचे काम करत असे, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. करिंथपासून जवळच इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी मोठ्या स्पर्धा भरत. तेथे जमणाऱ्या हजारो लोकांना राहायला तंबू लागत असतीलच! करिंथकरांना धावणे आणि मुष्टियुद्ध घरच्यासारखे परिचित होते. म्हणूनच त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी पौल याच खेळांचे उदाहरण घेतो. इस्थमियाचा मुकुट चिडाच्या फांदीचा किंवा सुकलेल्या सेलेरीच्या पानांचा असे. चार दिवसांत तो वाळून जाई. अशा मुकुटासाठी खेळाडू एवढा संयम पाळतात, तर न वाळणाऱ्या मुकुटासाठी आपण किती पाळावा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

येथे पौलाने काय घेतले आणि काय सोडले, ते पाहण्यासारखे आहे. खेळ परक्या देवाच्या उत्सवातले होते म्हणून त्याने त्यांतील चांगली गोष्ट नाकारली नाही. सराव, संयम, ध्येयावरची नजर हे त्याने घेतले. पण 'एकालाच मुकुट' ही अट त्याने सोडून दिली. मैदानावर एकच जिंकतो; तो मात्र सर्वांनाच जिंकण्यासाठी पळायला सांगतो. त्याच्या शर्यतीत दुसऱ्याला हरवावे लागत नाही. आपली धाव आपण पूर्ण करायची असते.

आपल्याच लोकांचा एक दाखला देतो. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिम्पिक झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारताचा छोटा संघ तेथे गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ४२ किलोमीटरहून अधिक लांबीच्या मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. ग्रीकांच्या हिशेबाने त्यांना काहीच मिळाले नाही. पण भारतीय धावपटूंची ऑलिम्पिकमधील वाट त्या पावलांनी पडली. त्यानंतर ३२ वर्षांनी, १९५२ साली, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे दिले. मुकुट एकाच्या डोक्यावर दिसतो, पण तो घडवायला किती हात लागतात!

आम्ही त्या चौथीतल्या मुलाला हे सांगितले. मग सर्वांनी मिळून एक नियम केला: जो आपल्या कालच्या वेळेपेक्षा लवकर पोहोचेल त्याला एक पान मिळेल. आठवड्याच्या शेवटी सर्वांत जास्त पाने त्या शेवटी येणाऱ्या मुलाकडेच होती.

७. मराठवाड्याच्या वाटेवरून

खेड्यातल्या मुलांना काय जमणार, असे म्हणणाऱ्यांसाठी काही नावे सांगतो. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे शेतकरी कुटुंबात वाढले आणि सैन्यात भरती झाले. ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठली. त्याच प्रकारात सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. त्यांची सुरुवात खो-खोपासून झाली होती. धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा विजेत्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व प्रियंका इंगळे यांनी केले. ही नावे ऐकताना ती आठवीतली मुलगी वहीत लिहून घेत होती.

८. पालकांना दोन शब्द

पालकहो, सुट्टी सर्वांना सारखी मिळत नाही. मुलगा मैदानावर असतो तेव्हा त्याच घरातली मुलगी बहुधा पाण्यावर, चुलीपाशी नाहीतर धाकट्या भावंडांमागे असते. मे महिना लग्नसराईचा. आठवी-नववीतल्या मुलीसाठी 'स्थळ आले आहे' अशी कुजबुज याच दिवसांत सुरू होते. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १८ वर्षे आहे. कोठे बालविवाह होत असल्याचे कळल्यास १०९८ या क्रमांकावर मोफत कळवता येते. ग्रीक लोक एवढे शहाणे, तरी त्यांनी निम्म्या माणसांना मुख्य मैदानाबाहेर ठेवले. त्यांची शिस्त आपण घ्यावी. ही चूक घेऊ नये.

फार मोठे काही करायला नको. त्या आजीने अर्धा तास नातवाला सांभाळले, एवढेच. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती मुलगी नववीच्या वर्गात बसली होती, आणि शाळेच्या धावण्याच्या संघासाठी तिने आपले नाव दिले होते.

सुट्टीचा अभ्यास

विचार करा:
१. ऑलिम्पियाच्या शपथेत वडील आणि भाऊ यांना का सामील करत असतील? आपल्या घरात ही शपथ घ्यायची झाल्यास शब्द काय असतील?
२. दंडाच्या मूर्ती मैदानाच्या वाटेवरच का ठेवल्या असतील?
३. "मग बाकीच्यांनी पळायचं कशाला?" या प्रश्नाला तुमचे उत्तर काय? पाच ओळी लिहा.
४. घरातील कोणाला खेळायला किंवा विसावा घ्यायला वेळ मिळत नाही? त्या व्यक्तीचे कोणते काम तुम्ही अर्धा तास करू शकाल?

करून पाहा:
१. १६ मीटर दोर बारा वेळा टाकून स्टेडियन मोजा. ऊन चढण्याआधी, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली पळा. पाणी जवळ ठेवा.
२. सात दिवस स्वतःची वेळ वहीत लिहा. दुसऱ्याची नको, फक्त स्वतःची.
३. रविवारी सर्वांनी मिळून करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ९, ओवी २४ ते २७ मोठ्याने वाचा आणि त्यात कोणकोणते खेळ आले आहेत ते शोधा.